हौसेचे सुटे भाग

एप्रिल १९४७च्या ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन या तरुण इंजिनिअरचा एक लेख आला. विषय तसा रुक्ष: घरी बसून बांधता येईल असा पंधरा वॉटचा अँप्लिफायर. पण लेखात पूर्ण सर्किट होतं, व्हॉल्व्ह कोणते घ्यायचे ते होतं, आउटपुट ट्रान्स्फॉर्मर कसा गुंडाळायचा तेही होतं. एवढं सगळं नीट जमलं तर आवाजातली विकृती हजारात एक भागाच्याही खाली राहील, असा हिशेब मांडलेला होता. ब्रिटनमध्ये तेव्हा रेशनिंग चालू होतं. युद्धात रेडिओ-रडारवर काम करून परतलेल्यांच्या हाताला सोल्डरिंगची सवय झाली होती. लेख वाचून लोकांनी खरोखर अँप्लिफायर बांधले, नुसते इंग्लंडमध्ये नव्हे, अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियातही. आज संगीताचा शौकीन आधी स्पीकर, मग टर्नटेबल, मग अँप असं एकेक बदलत आपली सिस्टिम वर्षानुवर्षं सुधारत नेतो. या चालीचा उगम मी या लेखाच्या आसपास धरतो. माझं म्हणणं असं, की ही चाल कान तीक्ष्ण झाल्यामुळे पडली नाही, यंत्र सुटं झाल्यामुळे पडली. सुरुवातीच्या दहा-बारा वर्षांत ती पूर्ण प्रामाणिक होती, कारण जिथे पैसा लागायचा तिथेच फरक पडायचा. पुढे फरक पडण्याची जागा आणि पैसा जाण्याची जागा यांची फारकत झाली. चाल मात्र टिकली.

त्याआधी सुधारणेची हौस नव्हती असं नाही. १९१५पासून एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत गावोगावी जाहीर परीक्षा घेतल्या. मंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. मध्येच अंधार करायचा, गायिकेने गप्प व्हायचं आणि यंत्राने पुढे गायचं. फरक कळला नाही, अशी ग्वाही हजारो लोकांनी दिली. ज्या तबकड्यांवर खर्जही नव्हता आणि वरची झळाळीही नव्हती, त्यांच्याबद्दलची ही ग्वाही आहे! आपला आवाज यंत्राच्या मापात बसवून आपण गात होतो, असं त्या परीक्षांतल्या ॲना केस या गायिकेने पुढे सांगितलं. या प्रसंगाला लबाडी म्हणून मोडीत काढणं सोपं आहे, पण त्यातून हेही कळतं की प्रत्येक पिढीला आपलं यंत्र पुरेसं वाटतं. पुढचं यंत्र ऐकेपर्यंत. १९३०च्या सुमारास लंडनमध्ये ई. एम. जी. या छोट्या कारखान्याचे हाताने बनवलेले ग्रामोफोन दर्दी लोक घेत. त्यांचा कागदाच्या लगद्याचा कर्णा एवढा प्रचंड असे की खोलीत आधी तोच दिसे. पोलादी सुईने तबकडी झिजते म्हणून हे लोक बांबूच्या सुया वापरत आणि ठरलेल्या कात्रीने टोक पुन्हापुन्हा तासून घेत. साउंडबॉक्स बदलून पाहणं, सुई बदलून पाहणं एवढीच तेव्हाच्या सुधारणेची व्याप्ती. बाकी यंत्र अखंड होतं. पटलं नाही तर दुसरं आणायचं.

यंत्राचं हे अखंडपण विजेने फोडलं. १९२५ साली वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पद्धतीने मायक्रोफोन लावून ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि त्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी मूव्हिंग-कॉइल स्पीकरची मांडणी प्रसिद्ध केली. आजच्या बहुतेक स्पीकरांचं मूळ तेच. आता आवाजाच्या वाटेत सुई, पिकअप, अँप्लिफायर आणि स्पीकर असे वेगळे टप्पे आले. पण घरात हे सगळं एकाच लाकडी कपाटात, रेडिओग्रामच्या रूपात यायचं. आवाजाची जास्त व्याप्ती लोकांना हवी आहे की नाही, याबद्दलच मुळात वाद होता. १९४५ साली अमेरिकेत चिन आणि आयझेनबर्ग यांनी श्रोत्यांची चाचणी घेतली, तर लोकांनी आखूड व्याप्तीचा, मऊ आवाज पसंत केला. रेडिओ कंपन्यांना ते सोयीचंच होतं. दोन वर्षांनी आरसीएच्या हॅरी ओल्सनने प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला. त्याने खोलीत खराखुरा वाद्यवृंद बसवला, पुढे पडदा सोडला आणि पडद्यामागे असे ध्वनी-गाळणे ठेवले की ते फिरवले की पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज अडावा. श्रोत्यांना काय बदलतंय हे दिसत नव्हतं. बहुसंख्यांनी पूर्ण आवाज निवडला. म्हणजे आधीच्या चाचणीत लोक उंच स्वरांना कंटाळले नव्हते, त्या स्वरांबरोबर यंत्रातून येणाऱ्या विकृतीला कंटाळले होते. विल्यमसनचा हजारातला एक भाग महत्त्वाचा ठरतो तो इथे. विकृती घटवल्याशिवाय व्याप्ती वाढवण्यात अर्थ नव्हता, आणि त्याच वर्षी एकाने व्याप्ती हवी असते हे दाखवलं, तर दुसऱ्याने विकृती कशी घटवायची ते दाखवलं.

यानंतरची अकरा वर्षं, म्हणजे १९५८पर्यंतचा काळ, मला या इतिहासातला सर्वांत रसाळ वाटतो. तबकड्याही बदलत होत्या. डेक्का कंपनीने युद्धकाळात पाणबुड्यांचे आवाज ओळखण्याच्या कामातून शिकून चौदा हजार हर्ट्झपर्यंतचं मुद्रण साधलं होतं. जून १९४८मध्ये अमेरिकेत कोलंबियाने एलपी आणली, १९५० साली डेक्काने ती ब्रिटनमध्ये आणली. एचएमव्हीची मालक ईएमआय १९५२पर्यंत ७८च्या तबकड्यांना चिकटून राहिली. एलपीची खाच बारीक, त्यामुळे सुई नवी हवी, पिकअप हलका हवा, मोटर संथ आणि स्थिर हवी. जुन्या कपाटात हे बसवायचं कसं? त्यापेक्षा सुटे भाग आणणं परवडायचं. मग प्रत्येक भागाचे उस्ताद तयार झाले. स्विंडनच्या गॅरार्डने १९५४ साली ३०१ हे टर्नटेबल काढलं. हंटिंग्डनमध्ये पीटर वॉकरने क्वाडचे अँप्लिफायर बनवले. हॅरल्ड लीकने तर ‘पॉइंट वन’ हे विकृतीचं मापच आपल्या अँपचं नाव म्हणून मिरवलं. यॉर्कशरच्या गिल्बर्ट ब्रिग्जने व्हार्फडेल स्पीकर विकले आणि जोडीला स्पीकर कसा चालतो याची हलक्याफुलक्या शैलीतली पुस्तकंही विकली. त्याच्या उपायांवर नजर टाकली की त्या काळाचा स्वभाव कळतो. स्पीकरची पेटी स्वतः थरथरली तर आवाज बिघडतो, म्हणून तो प्लायवूडचे दोन तक्ते घेऊन मध्ये कोरडी वाळू भरायला सांगे. खोलीचा कोपरा रिकामा असेल तर तिथे सरळ विटांची भिंत रचून तिच्यात स्पीकर बसवा म्हणे. वाळू आणि विटा! हा माणूस स्पीकर विकणारा होता आणि गिऱ्हाइकाला गवंड्याकडे धाडत होता.

या काळातली प्रत्येक सुधारणा कानाला लख्ख कळणारी होती, आणि याचा पुरावा जाहिरातींच्या बाहेरही आहे. प्रत्येक रेकॉर्ड कंपनी खर्ज आणि वरचे स्वर कमी-जास्त करण्याचं आपापलं गणित वापरत असे. वाजवताना ते उलटं करावं लागे, आणि कंपनीचं गणित माहीत नसेल तर तीच तबकडी एका घरी बोथट आणि दुसऱ्या घरी किरकिरी वाजे. क्वाडच्या कंट्रोल युनिटवर यासाठी वेगवेगळी बटणं होती. १९५४ साली अमेरिकेतल्या रेकॉर्ड उद्योगाने एकच वक्र ठरवला आणि तो हळूहळू सगळीकडे मान्य झाला. प्रमाणीकरण हा कंटाळवाणा शब्द, पण सुट्या भागांची हौस त्यावरच उभी राहिली: एका कंपनीचं टर्नटेबल, दुसरीचा अँप आणि तिसरीचा स्पीकर बिनबोभाट जुळू लागला. त्याच वर्षी ब्रिग्जने, वॉकरला सोबत घेऊन, लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये प्रत्यक्ष वादन आणि मुद्रित वादन शेजारी शेजारी ऐकवण्याचा जाहीर कार्यक्रम केला आणि घरगुती वापराच्या यंत्रावर एवढं मोठं सभागृह भरून दाखवलं. एडिसनच्या परीक्षेचाच हा वारसा, पण अंधाराचा खेळ वजा करून. १९५७ साली वॉकरचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आला. त्यात कागदी शंकूच्या जागी ताणलेला पातळ पडदा हलतो. त्याच्या मधल्या स्वरांची स्वच्छता आजही उदाहरण म्हणून सांगितली जाते. आणि १९५८मध्ये स्टिरिओ तबकड्या आल्या, ज्यांचं पेटंट ईएमआयच्या ॲलन ब्लुमलाइनने १९३१ सालीच मागितलं होतं. स्टिरिओ म्हणजे नवा कार्ट्रिज, दुसरा अँप आणि दुसरा स्पीकर, म्हणजे जवळजवळ दुप्पट खर्च. तो पटण्यासारखा होता.

इथे वळण येतं. अँप्लिफायरचं काम मोजता येण्यासारखं आहे: आत आलेला विद्युतसंकेत जसाच्या तसा मोठा करणं. पन्नाशीच्या दशकाअखेर चांगल्या अँपने ते काम माणसाच्या कानाच्या मर्यादेजवळ आणून ठेवलं. स्पीकर आणि सुई मात्र हलणाऱ्या वस्तू आहेत. त्यांना वजन असतं, त्या थरथरतात, आणि त्यांची विकृती अँपच्या कितीतरी पट असते. याचा सर्वांत बोलका पुरावा खुद्द क्वाडने दिला. १९७८ साली जेम्स मॉयर यांच्या देखरेखीखाली क्वाडचे तीन अँप्लिफायर डोळ्यांआड ठेवून जाणकार श्रोत्यांना ऐकवले गेले: १९५३चा व्हॉल्व्हचा क्वाड टू, १९६७चा ट्रान्झिस्टरचा ३०३ आणि १९७५चा ४०५. आकड्यांत टिकेल असा फरक कोणालाही ओळखता आला नाही. यावर हमखास आक्षेप असा, की चाचणी कंपनीने स्वतः करवली, तिची साक्ष काय कामाची? पण या साक्षीचा फायदा कोणाला, ते पाहिलं पाहिजे. आपला सर्वांत नवा अँप पंचवीस वर्षांपूर्वीच्या आपल्याच अँपपेक्षा कानाला वेगळा लागत नाही, असं त्यातून निघत होतं. दुकानदाराला हे पोस्टर काचेवर लावायला फारसं आवडणार नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अवघड स्पीकर, मोठी खोली, दणकट आवाज अशा ठिकाणी कमी ताकदीचा अँप दमतो आणि तेव्हा फरक ऐकू येतो. हे खरं आहे. पण तो ताकदीचा हिशेब झाला. योग्य वॉट मोजून घेतले की प्रश्न मिटतो. पायऱ्यांमागून पायऱ्या चढत राहण्याचं कारण त्यातून मिळत नाही.

ते कारण ग्लासगोमधून आलं. आयव्हर टीफेनब्रुन यांच्या लिन कंपनीने १९७३च्या सुमारास सॉन्डेक एलपी१२ हे टर्नटेबल बाजारात आणलं आणि त्याबरोबर एक सिद्धान्तही आणला. तोवर जाणकार सांगत, पैसा आधी स्पीकरवर घाला. लिनचं म्हणणं उलटं: आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तबकडीवरून जे उचललंच नाही ते पुढचा कुठलाही भाग परत आणू शकत नाही, म्हणून आधी टर्नटेबल, मग आर्म, मग कार्ट्रिज, आणि स्पीकर सर्वांत शेवटी. लिनचे विक्रेते गिऱ्हाइकाला ऐकवताना खोलीत दुसरा एकही स्पीकर ठेवत नसत, कारण न वाजणारा स्पीकरही हवेबरोबर थरथरतो, असं त्यांचं मत. या सिद्धान्तात तथ्य होतं, हे नाकारण्यात मतलब नाही. टर्नटेबल यांत्रिक आहे. बेअरिंगची घरघर, मोटरची थरथर, वेगातली चलबिचल थेट सुईपर्यंत पोचते, आणि एलपी१२ची स्प्रिंगांवर तोललेली बैठक तिला चांगलाच आवर घालत होती. पण तर्काचं वाक्य बरोबर असलं तरी ते किती फरकाला लागू आहे हे त्यातून ठरत नाही. आडात पाणी भरपूर असेल आणि पोहराच गळका असेल तर? बरं टर्नटेबल आणि उत्तम टर्नटेबल यांतलं अंतर, बरा स्पीकर आणि उत्तम स्पीकर यांतल्या अंतरापेक्षा पुष्कळ कमी असतं. लिनची खरी करामत व्यापाराच्या मांडणीत होती. एलपी१२ बदलायचाच नाही, त्याचे अवयव बदलायचे. १९८२ला वल्हाला हा वीजपुरवठा, १९९०ला लिंगो, १९९३ला सर्कस हे नवं बेअरिंग, २००६ला कील ही नवी बैठक, आणि बहुतेक सगळं जुन्या यंत्रात बसणारं. विल्यमसनच्या वाचकाने सुटे भाग आणून यंत्र बांधलं होतं. लिनच्या गिऱ्हाइकाच्या हाती पूर्ण यंत्र होतं, आणि तेच पुन्हा सुटं होत होतं.

सीडीने हा खेळ संपायला हवा होता. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये सोनीचा पहिला प्लेअर विक्रीला आला. सेकंदाला ४४,१०० नमुने, सोळा बिट. वेगातली चलबिचल नाही, खरखर नाही, सुई नाही. आवाजाच्या उगमाकडचा यांत्रिक भाग एका फटक्यात बाद झाला, आणि सगळं एका बंद डब्यात आलं. सुधारायला काही उरलंच नव्हतं. पण त्याच दशकाच्या अखेरीस केंब्रिजच्या आर्कमने ‘ब्लॅक बॉक्स’ नावाचा वेगळा डिजिटल कन्व्हर्टर काढला, आणि थोड्याच दिवसांत सीडी फिरवणारा डबा वेगळा व आकड्यांचा आवाज करणारा डबा वेगळा अशी जोडी प्रतिष्ठेची झाली. आता दोन डबे म्हटलं की मध्ये वायर आली, आणि वायर आली की तिचाही भाव आला. अखंड रेडिओग्राममधल्या वायरीबद्दल कोणी कधी बोललं नव्हतं. हाय-फायचा सर्वांत महाग आणि सर्वांत वादग्रस्त माल हा डब्यांमधल्या फटीतून जन्मला, हा माझ्या म्हणण्याचा मला सर्वांत भक्कम वाटणारा आधार.

भारतात ही शिडी पूर्ण कधी आलीच नाही. आयात परवान्यांच्या काळात परदेशी भाग सामान्य शौकिनाच्या आवाक्याबाहेर होते, त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कॉइल, व्हॉल्व्ह, पुढे ट्रान्झिस्टर घ्यायचे, ट्रान्स्फॉर्मर वाइंडिंग करून आणायचा आणि पेटी सुताराकडून करून घ्यायची, ही विल्यमसनच्या काळातली रीत इथे जास्त टिकली. यावर कोणी म्हणेल, आपल्या श्रोत्यांना हाय-फायची गरजच काय, साडेतीन मिनिटांच्या ७८ तबकडीतून त्यांनी घराणी ओळखली! ते कौतुकास्पद आहे, पण युक्तिवाद म्हणून लंगडं आहे. कर्ण्यात गाऊन केलेल्या मुद्रणात तंबोऱ्याची जवारी जवळजवळ हरवते. ती ऐकू यायला वीज लागली, आणि ख्यालाला ऐसपैस बसायला एलपी लागली. याच संदर्भात एक गंमत. १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी धाडली, तिच्यात गोव्यात जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तबकडीसोबत कार्ट्रिज आणि सुईही दिली आहे. अँप्लिफायर मात्र ज्याचा त्याने आणायचा, आणि नासाच्या इंजिनिअरांचा हा प्राधान्यक्रम मला योग्य वाटतो.

राहिला सर्वांत जिव्हाळ्याचा आक्षेप: आम्हाला फरक ऐकू येतो, तुमचे आकडे काहीही सांगोत. शौकीन खोटं बोलतो असं म्हणणारे मला पटत नाहीत. त्याला फरक जाणवतोच. प्रश्न आहे तो कशामुळे जाणवतो हा. फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत आणि मग अमेरिकेत स्पीकरांच्या आंधळ्या चाचण्यांवर आयुष्य घालवलं. १९९४ साली त्यांनी शॉन ऑलिव्ह यांच्याबरोबर तेच स्पीकर त्याच श्रोत्यांना एकदा दिसतील असे आणि एकदा पडद्याआड ऐकवले. स्पीकर दिसत असताना गुण बदलले, आणि तेही अनुभवी माणसांचे. पडद्याआड मात्र बऱ्या-वाईट स्पीकरांबद्दल श्रोत्यांचं मत बऱ्यापैकी जुळलं. म्हणजे स्पीकरांमधला फरक खरा आहे आणि डोळे मिटले तरी तो उरतो. किंमत, नाव आणि रूप यांनी घातलेली भर मात्र पडदा ओढला की जाते. नवा भाग आणला की माणूस जुनी तबकडी लक्ष देऊन पुन्हा ऐकतो, हा लाभही खराच आहे, आणि हौस म्हणून त्यावर कोणी पैसे घातले तर तक्रार करण्याचं कारण नाही. तक्रार एवढीच, की या हिशेबात खोली कुठेच येत नाही.

स्पीकरमधून निघालेला आवाज भिंतींवर आपटून कानाशी येतो. खालच्या पट्टीत तर खोली काही स्वर फुगवते आणि काही गिळते, आणि हा फरक कोणत्याही दोन अँपमधल्या फरकाच्या अनेक पट असतो. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढणं, कोपऱ्यातून काढणं, समोरच्या उघड्या भिंतीवर पुस्तकांची मांडणी ठेवणं याने जे घडतं ते घडवायला दुकानात पुष्कळ पैसे मोजावे लागतात. ब्रिग्जला हे ठाऊक होतं, म्हणून तो विटांबद्दल बोलत होता. पण सरकवलेला स्पीकर कोणी विकत नाही, त्याचं नवं मॉडेल पुढच्या वर्षी येत नाही आणि जुनं देऊन नवं घेता येत नाही, म्हणून त्याला सुधारणा म्हणण्याची रीत पडली नाही. ती पडायला खोलीचाही काहीतरी विकता येण्याजोगा भाग व्हावा लागला. गेल्या काही वर्षांत संगणकाने खोलीचा हिशेब करून आवाज दुरुस्त करणं शक्य झालं, आणि २०१३ साली लिननेच ‘एग्झॅक्ट’ नावाची रचना आणली: संकेत शेवटपर्यंत आकड्यांत ठेवायचा, ॲनालॉगमध्ये बदलायचा तो थेट स्पीकरपाशी, आणि बदलताना स्पीकरचे दोष आणि खोलीचा परिणाम दोन्ही जमेला धरायचे. चाळीस वर्षं आडाचा महिमा सांगणाऱ्या कंपनीने पोहऱ्याकडे लक्ष वळवलं. एलपी१२ची विक्री आणि त्याचे नवे अवयव मात्र चालूच आहेत.